कडा, कॅमेरा आणि कवड्यांची माळ

‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रीकरण करायचं म्हणून दादासाहेब फाळक्यांनी आपली मंडळी आगगाडीने पुढे धाडली आणि ती गावच्या पाटलाच्या तावडीत सापडली. देवळात उतरलेल्या या परक्या माणसांजवळ ढाली, तलवारी, भाले, मुकुट, दागिने. दरोडेखोरच असणार! ‘आम्ही सिनेमा काढतोय’ हे सांगून उपयोग नव्हता, कारण सिनेमा काढतात म्हणजे काय करतात हे त्या मुलखात कुणी पाहिलेलंच नव्हतं. शेवटी दादासाहेब आले, फिल्म न भरताच त्यांनी कॅमेरा मांडला, एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली.

आमच्या धंद्यात हा किस्सा चवीने सांगतात. त्याच चित्रपटाच्या वेळचा दुसरा प्रसंग मात्र सहसा निघत नाही. रोहिदासाचं काम करणारा भालचंद्र, म्हणजे दादासाहेबांचाच मुलगा, खेळताना दगडावर पडला. डोकं फुटलं, शुद्ध गेली. औषधपाणी झालं. मेलेल्या रोहिदासाचा प्रसंग घ्यायचा बाकी होता, तो मुलाच्या त्याच अवस्थेत घेतला गेला. बापाला क्रूर म्हणणं सोपं आहे. पण हाताशी पैसा थोडा, फिल्म परदेशातून आणलेली आणि उजेड सूर्याच्या मर्जीवर. यंत्राला आणि पैशाला जे झेपत नाही ते नटाच्या अंगातून वसूल करायचं, ही रीत १९१३ साली पडद्यावर आलेल्या त्या पहिल्याच चित्रपटात पडली. डोंगरात मावळे, किल्लेदार आणि दरोडेखोर करत माझी हयात गेली. ती रीत कशी बदलत गेली ते मला पुस्तकांपेक्षा गुडघ्यांनी जास्त सांगितलं आहे.

मूकपटाच्या काळात ‘आत’ आणि ‘बाहेर’ असा फरकच फारसा नव्हता. राजवाड्याचा सेटसुद्धा उघड्यावर लागायचा आणि वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं. फिल्म इतकी मंद, की भर दुपारच्या उन्हाशिवाय भागत नसे. शिवाय त्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसायचा आणि निळा पांढरा. त्यामुळे तांबूस सावळा चेहरा पडद्यावर कोळशासारखा उमटायचा, म्हणून नटाला पांढरट रंग थापून कातळावर उभं करत. एक सोय मात्र होती. आवाज घ्यायचा नसल्यामुळे दिग्दर्शक शॉट चालू असतानाच ओरडून सांगू शकत होता, ‘डावीकडे सरक, मागे कडा आहे!’

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ काढला, तो १९२० साली. लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. तीन वर्षांनी हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून त्यांनी ‘सिंहगड’ केला. त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. तानाजीची चढाई रात्रीची आणि फिल्म तर उन्हाची भुकेली. अशा वेळी दुपारी चित्रीकरण करून पडद्यावर निळ्या रंगाची झाक देत आणि रात्र झाली असं मानून घेत. नटाने टळटळीत उन्हात डोळे न मिचकावता अंधारात चाचपडायचं! बाबूरावांनी ‘सिंहगड’साठी कृत्रिम दिवे लावले, हे त्या काळात मोठंच धाडस होतं. नटाच्या बाजूने पाहिलं तर पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या डोळ्यांवरचं ओझं यंत्रावर टाकलं.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलू लागली आणि माइकने नटाला भिंतीआड नेलं. कॅमेऱ्याची घरघर, वारा, कावळे, लांबून जाणारी बैलगाडी, सगळंच नकोसं झालं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला गेली. तिथे स्टुडिओच एवढा प्रशस्त, की जंगल आत आणून लावावं. डोंगराची ओढ कोल्हापूरला भालजी पेंढारकरांकडे टिकली. त्यांच्या ऐतिहासिक चित्रपटांना घोडदौड हवी आणि घोडा काही सेटवर दौडत नाही. पन्हाळ्याची तटबंदी आणि कोल्हापूरभोवतीची माळरानं हे आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांचं हक्काचं आउटडोअर झालं. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, तो त्यांनी पुन्हा उभा केला.

खांद्यावर घेता येणारा ॲरिफ्लेक्स कॅमेरा आपल्याकडे रुळला आणि आम्ही पुन्हा डोंगर चढू लागलो. तो कॅमेरा कुठेही जायचा, पण आवाज करायचा. म्हणून ठरलं, आवाज नंतर भरू. माझी सगळी उमेद याच ‘नंतर भरू’च्या काळातली.

कडा चढण्याचा शॉट कसा घेतात ते सांगतो. खरा उभा कडा फक्त लांबून दाखवायचा आणि त्यावर डुप्लिकेट सोडायचा. जवळच्या शॉटसाठी तिरका, सोसेल असा कातळ शोधायचा आणि कॅमेराच कलता करायचा, की पडद्यावर कातळ ताठ उभा. आम्ही रांगत असतो आणि प्रेक्षकाला वाटतं, लटकतोय. लबाडी उघडी पाडतात त्या लोंबणाऱ्या वस्तू. माझ्या गळ्यात कवड्यांची माळ होती. मी रांगू लागलो की ती सरळ खाली, म्हणजे कातळाकडे लोंबायची. लटकणाऱ्या माणसाची माळ छातीवर पायांच्या दिशेला पडायला हवी. ड्रेसवाल्याने सुई-दोरा काढला आणि एकेक कवडी अंगरख्याला टाचली. पागोट्याचा शेमला मागे टाचला. दाढीचा डिंक घामाने सुटत होता, तो पुन्हा लावला. घाम मात्र टाचता येईना, तो नाकाच्या शेंड्यावरून कातळावर पडायचा. मग प्रत्येक टेकआधी टॉवेल.

खाली वाडीतले एक आजोबा सामान वाहायला आले होते. माझी घसरगुंडी बघून म्हणाले, “दादा, जोडं काढा न्हाईतर पडाल. कातळाला पायाची बोटं लागत्यात.” सांगणं शंभर टक्के खरं. पण आदल्या शॉटमध्ये पायांत जोडे दिसले होते, कंटिन्युइटीवाला ऐकेना. शेवटी जोड्यांच्या तळाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. कॅमेऱ्याच्या पेट्या, बॅटऱ्या, पाण्याचे हंडे, सगळं त्या वाडीतल्या बायाबापड्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवून वर आणलं होतं आणि तेही अनवाणी. त्यांची नावं टायटलमध्ये आली नाहीत. निर्मात्याने मजुरी तरी वेळेवर द्यावी, तर तीही रखडली. त्याचं नाव मी इथे घेत नाही.

डोंगरात पडण्यापेक्षा मोठी भीती आग्या मोहोळाची. कड्याला मोहोळ दिसलं की अत्तर बंद, विडी बंद, धुराचा शॉट रद्द. जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) मी पाहतो तेव्हा नाग्या झालेले मोहन आगाशे आणि चिंधी झालेली स्मिता पाटील यांच्याइतकंच माझं लक्ष त्या कड्यावरच्या माश्यांकडे जातं. गो. नी. दांडेकरांच्या मूळ कादंबरीतला ठाकर नाग्या त्या मोहोळांशी वैर मांडतो. इतर चित्रपटांत डोंगर मागे उभा असतो, या चित्रपटात तो नटाच्या समोर उभा ठाकतो.

‘नंतर भरू’चा हिशेब मुंबईच्या डबिंग थिएटरात चुकता व्हायचा. बाहेर पाऊस, आत एसी, समोर पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतोय आणि मी चढताना जी धाप लागली होती ती आता माइकसमोर लावून दाखवायची. खोटी धाप लगेच कळते, श्वास छातीच्या वरच्या वर राहतो. मी रेकॉर्डिस्टला थांबायला सांगून जिन्याने धावत वर-खाली करायचो आणि मगच माइकवर जायचो. शेजारी इफेक्ट्सवाला ट्रेमधल्या खडीवर पाय आपटून माझी पावलं वाजवायचा. एकदा चढलेला डोंगर असा दुसऱ्यांदा जिन्यावर चढावा लागे.

२००१ मध्ये ‘लगान’ने चित्रीकरणाच्या वेळीच आवाज घेऊन दाखवला आणि हळूहळू ती पद्धत इकडेही आली. जिना सुटला. आता अंगरख्याखाली माइक, कमरेला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ट्रान्समीटर आणि वारा सुटला की सगळे थांबून. २०२० च्या हिंदी ‘तान्हाजी’त तर व्हीएफएक्सचा सढळ हात. ‘सिंहगड’मधलीच ती चढाई, पण कड्यातला बराचसा कडा संगणकाने रचलेला. मला याचं दुःख नाही. किल्ल्यांवर आता परवानग्या लागतात, त्या लागाव्यातच. आम्ही तटात खिळे ठोकले आहेत, चुन्याच्या भिंतींवर रंग सांडला आहे. गडाला आमच्यापासून जरा उसंत मिळाली तर बरंच.

नवीन पोरं हिरव्या पडद्यासमोर उभं राहण्याआधी काही वेळा विचारतात, “काका, कड्यावर आहोत असं कसं वाटून घ्यायचं?” मी सांगतो, वाटून घेऊ नका, विचारून घ्या. वारा कुठून आहे, ऊन कुठल्या बाजूला आहे, पायाखाली कातळ आहे की घसारा? दिग्दर्शकाला सांगता आलं नाही तर स्वतः ठरवा, साथीदारांना सांगा आणि शेवटच्या टेकपर्यंत तेच धरून राहा. नाहीतर पडद्यावर पागोट्याचा शेमला पूर्वेला उडत असतो आणि चौघांचे डोळे चार दिशांच्या उन्हाने मिटलेले असतात.