‘अल्सेशियन’ : नांव आणि इमान

ज्या धिप्पाड, उभ्या कानांच्या कुत्र्याला आपण ‘अल्सेशियन’ म्हणून ओळखतों, त्याचा मूळचा धंदा जर्मनींत मेंढरें राखण्याचा. हें नांव मात्र त्याला त्याच्या मायभूमीनें दिलेलें नाहीं. तें युद्धानें दिलें आहे.

३ एप्रिल १८९९ रोजीं कार्ल्सरूह येथील प्रदर्शनांत माक्स फॉन श्टेफानित्स ह्या घोडदळांतील अधिकाऱ्यानें एक मेंढपाळी कुत्रा पाहिला आणि विकत घेतला. त्याचें नांव त्यांनीं होरांड ठेविलें. त्याच महिन्यांत ह्या जातीच्या संवर्धनार्थ संघ स्थापन झाला व त्याच्या वंशावळींत पहिला क्रमांक होरांडला मिळाला. रूपापेक्षां उपयुक्तता व बुद्धि श्रेष्ठ, ही श्टेफानित्स ह्यांची कसोटी होती. उद्योगधंदे वाढून मेंढरांचे कळप कमी होऊं लागले, तेव्हां त्यांनीं ह्या कुत्र्याला पोलिसांत व सैन्यांत नवें काम मिळवून दिलें.

पहिल्या महायुद्धांत ह्या कुत्र्यांनीं निरोप पोंचविले, जखमी शिपाई हुडकून काढले. १९१६ सालीं ओल्डेनबुर्ग येथें, युद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं वाटाडे कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. इंग्लंडांत मात्र ‘जर्मन’ हा शब्दच अप्रिय झाला होता. म्हणून १९१९ सालीं तेथील केनेल क्लबनें ह्या जातीची नोंद आल्सास प्रांताच्या नांवानें केली. इंग्रजी अमलाबरोबर तेंच नांव आपल्याकडे आलें. इंग्लंडनें १९७७ सालीं मूळ नांव पुनः मान्य केलें, तरी आपल्या तोंडीं अजून जुनेंच आहे.

नांव बदललें, पण कुत्र्याचा स्वभाव बदलला नाहीं. १९२८ सालीं मॉरिस फ्रँक ह्या अंध अमेरिकन तरुणाला ‘बडी’ नांवाच्या ह्याच जातीच्या कुत्रीनें न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता सुखरूप ओलांडून दिला. पुढें थोड्याच वर्षांत नाझी राजवटीनें ह्याच जातीचे कुत्रे छळछावण्यांच्या पहाऱ्यावर उभे केले. दोन्ही ठिकाणीं तीच बुद्धि, तेंच शिक्षण आणि तेंच इमान! भेद होता तो आज्ञा देणाऱ्यांत.

इमान हा कुत्र्याचा सर्वांत मोठा गुण, असें आपण मुलांना सांगतों. परंतु आज्ञा कोणाची व कशासाठीं, हें इमान विचारीत नाहीं. तो विचार धन्यानें करावयाचा असतो. म्हणून ह्या जातीच्या वांट्यास आलेलें यश असो वा अपयश, त्याचा जाब माणसालाच द्यावा लागेल. नुसतें नांव बदलून तो चुकवितां येणार नाहीं.