बऱ्हाणपूर : वाटेवरचं, पण न पाहिलेलं

इंदूरच्या मराठी घरांत बऱ्हाणपूर हे नाव बहुधा स्टेशन म्हणूनच येतं. खंडवा गेलं की बऱ्हाणपूर, मग रावेर, मग भुसावळ, म्हणजे आलोच आपण महाराष्ट्रात. आजोळी, लग्नकार्याला किंवा पंढरपूरला जाताना आपल्यातल्या कित्येकांनी ते खिडकीतून पाहिलं असेल, पण तिथे उतरलेले थोडे. यंदा शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली, तेव्हा आम्ही उभयतांनी ठरवलं की या वेळी पुढे जायचं नाही. इंदूरहून सडकेने साधारण १८० किलोमीटर. दोन दिवस पाहायचं, खायचं आणि परतायचं.

बऱ्हाणपूर वसवलं खानदेशच्या फारुकी सुलतानांनी, इसवी सन १४०० च्या सुमारास. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून शहराला नाव मिळालं. त्यांची कबर आपल्या वेरूळजवळच्या खुलदाबादला आहे. म्हणजे नावापासूनच हे शहर दक्षिणेशी बांधलेलं. उत्तरेतून दख्खनेत उतरायचं तर सातपुड्याच्या या खिंडीतून यावं लागे, आणि खिंडीवर पहारा अशीरगडाचा. १६०१ साली अकबराने तो गड घेतला आणि पुढे बराच काळ मोगलांचं दख्खनचं राजकारण बऱ्हाणपुरातून हललं. मुमताजमहलचा अंत १६३१ साली इथेच झाला. ताजमहालाआधी काही महिने तिची कबर तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत होती.

शहरात शिरल्यावर आम्ही प्रथम जामा मशीद पाहिली. फारुकी राजा अली खान याने ती बांधली. आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, १५९० सालचा. विधात्याला वंदन, मग फारुकी घराण्याची वंशावळ आणि आपल्या पंचांगाप्रमाणे तिथी-नक्षत्रासह काळाची नोंद. मशिदीच्या भिंतीवर शक आणि संवत दोन्ही दिलेले पाहून सौ. म्हणाली, "म्हणजे मुहूर्त काढायला जोशीबुवाच बोलावले असणार!" थट्टाच ती, पण त्या काळच्या शहराचं चित्र त्यातून बरंच कळतं.

आता आपला, म्हणजे मराठ्यांचा, या शहराशी संबंध काय? पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली बऱ्हाणपुरातच वारले. शहराबाहेर 'राजा की छत्री' त्यांच्या नावाने दाखवतात. त्यानंतर आलं १६८१. छत्रपती संभाजी महाराजांचा राज्याभिषेक जानेवारीत झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बऱ्हाणपूरवर झडप घातली. तटाच्या आतलं शहर वाचलं, पण बाहेरचे श्रीमंत पुरे, त्यांतही बहादूरपुरा, तीन दिवस लुटले गेले. आपण ही हकीकत स्वराज्याच्या बाजूने वाचत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. मोगलांच्या तिजोरीवर तो घाव होता. पण ज्या बाजारात आपण सुती कापड हाताळत उभे असतो, त्याच बाजाराच्या पूर्वजांची दुकानं तेव्हा गेली, हेही तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांआड करता येत नाही. शहरातल्या प्रतिष्ठितांनी बादशहाला अर्ज पाठवला की आमच्या जिवाचं आणि अब्रूचं रक्षण होत नसेल तर जुम्म्याची नमाज आम्ही बंद करू. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला, काही महिने राहिला, आणि दख्खनेत जो उतरला तो परत उत्तरेला गेलाच नाही. १७०७ साली अहमदनगरला त्याचा अंत झाला. मराठ्यांच्या सत्तावीस वर्षांच्या त्या झुंजीचं एक दार असं या शहरात उघडतं.

पुढे १७६० साली उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर आणि अशीरगड मराठ्यांकडे आले, नंतर शिंद्यांकडे राहिले. शेवटही इथलाच. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव अशीरगडाच्या आसऱ्याला येऊन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. थोरल्या बाजीरावांची समाधी सनावदजवळ रावेरखेडीला, नर्मदाकाठी. त्यांचा अंत १७४० चा. पेशवाईचा सर्वांत मोठा सेनापती आणि शेवटचा पेशवा, दोघांचाही प्रवास निमाडच्या या एकाच पट्ट्यात थांबला. त्याच १८१८ साली मंदसौरचा तह होऊन होळकरांची राजधानी इंदूरला आली. पुण्याचं राज्य गेलं त्याच वर्षी आपलं इंदूर राजधानी झालं, हे एकमेकांशेजारी ठेवून आपण क्वचितच पाहतो.

खाण्याविषयी न लिहिलं तर इंदूरकर कसले! आपली जिलेबी पोह्याबरोबरची, पिवळी, कुरकुरीत. बऱ्हाणपूरची खव्याची, जाड, जवळजवळ काळपट आणि आतून मऊ. दोन वेढ्यांत पोट भरतं. दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप फेटून फेटून हलका केलेला पदार्थ. तोंडात घातला की चावावं लागत नाही. पण खरी गंमत मांड्यांची. कणीक हातांवर झुलवत ताटापेक्षा मोठी करायची आणि उलट्या कढईवर टाकायची. फौजांना झटपट पोटभर जेवण मिळावं म्हणून मांडे निघाले, असं तिथे सांगतात. सौ.चं माहेर खानदेशातलं. तिने ते पाहताच आजीच्या खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांची आठवण काढली. मुक्ताईने ज्ञानोबांच्या पाठीवर भाजले ते मांडे आणि बाजारात रश्श्याबरोबर मिळणारे हे मांडे, नाव एकच. मांडे कुठून कुठे गेले, याचा निवाडा आम्ही केला नाही. दोन-दोन खाल्ले. भाजी बाजारात तर मराठी, हिंदी आणि निमाडी एकाच वाक्यात ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी कुंडी भंडारा पाहिला. डिप्लोमा करून वीस वर्षं सरकारी नोकरीत पातळ्या आणि उतार मोजणाऱ्या आमच्यासारख्याला तिथे हात जोडावेसे वाटले. १६१५ च्या सुमाराची ही पाणीयोजना. तेव्हा सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी तापीकडे झिरपत जातं. ते वाटेत भुयारात अडवून हलक्या उतारावरून शहराकडे आणलं. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, शंभराच्या वर, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. इराणात अशा रचनेला कनात म्हणतात. ना पंप, ना वीज. आपल्या इंदुरात १९७८ पासून नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर, डोंगर चढवून येतं. त्यासाठी रात्रंदिवस पंप चालतात. दोन्ही योजना आपापल्या काळाच्या. इंदूर लाखोंचं शहर आहे, भुयारावर त्याची तहान भागणार नाही. पण चारशे वर्षं फुकट वाहणारं पाणी कशाने आटतं ते पाहण्यासारखं आहे. भुयाराच्या भिंतींवर क्षाराचे थर चढतात आणि वाट अरुंद होते. वरच्या अंगाला बोअर वाढले की झिरपाच कमी होतो. २०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला, हे चांगलं झालं. मात्र यादीने गाळ निघत नाही. तो माणसांनीच काढावा लागतो, दरवर्षी.

आपल्या मंडळातल्या कुटुंबांना आमची एवढीच विनंती की पुढच्या वेळी भुसावळकडे जाताना एक मुक्काम बऱ्हाणपूरला ठेवा. मुलांना अशीरगडाच्या तटावरून खिंड दाखवा, म्हणजे फौजा इथूनच का यायच्या ते न सांगता कळेल. १६८१ आणि १८१८ ही दोन्ही सालं त्यांना सांगा, एकच नको. परतताना सनावदहून रावेरखेडीला वळा. आणि मांडे गरम असतानाच खा, घरी आणले तर त्यांचे कागद होतात.