ट्रेंटपलीकडचे विद्यार्थी

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधील ‘रीव्ह्ज टेल’ या कथेत केंब्रिजचे दोन गरीब विद्यार्थी आणले : जॉन आणि ॲलन. दोघे एकाच गावचे. गावाचे नाव स्ट्रॉदर. पण ते आहे कुठे, हे कथा सांगणाऱ्या कारभाऱ्याला माहीत नाही. दूर उत्तरेला कुठेतरी, एवढेच. दक्षिणेतल्या विद्यापीठात आलेल्या उत्तरेच्या मुलाचे स्थान त्या एका बेफिकीर अज्ञानातून जितके कळते, तितके पुष्कळ इतिहासग्रंथांतूनही कळत नाही.

ही दरी चॉसरच्या कल्पनेतली नव्हे. ऑक्सफर्डमध्ये तर ती विद्यापीठाच्या रचनेतच होती. तेराव्या शतकात तेथील अध्यापक-विद्यार्थ्यांचे ‘बोरेआलेस’ म्हणजे उत्तरेचे आणि ‘ऑस्ट्रालेस’ म्हणजे दक्षिणेचे असे दोन गट मानले जात. सीमा ढोबळमानाने ट्रेंट नदीची. स्कॉटलंडहून आलेले उत्तरेत जमा, वेल्स आणि आयर्लंडचे दक्षिणेत. प्रॉक्टर हे विद्यापीठाचे अधिकारीही दोन. एक या गटाचा, एक त्या गटाचा. गटागटांत रक्तपात होई. १२७४ मध्ये हे गट विसर्जित केले गेले, पण कागदावरून गेलेली गोष्ट मनातून जातेच असे नाही. १३३३-३४ च्या सुमारास अध्यापक-विद्यार्थ्यांचा एक जथा, बहुतांश उत्तरेकडचा, ऑक्सफर्ड सोडून लिंकनशायरमधील स्टॅमफर्डला गेला आणि तिथे त्याने स्वतंत्र अध्यापन सुरू केले. ऑक्सफर्डने तिसऱ्या एडवर्डकडे धाव घेतली. राजाने शेरीफकरवी त्या मंडळींना हुसकावून लावले. पुढे ऑक्सफर्डची पदवी घेणाऱ्याला ‘मी स्टॅमफर्डमध्ये शिकवणार नाही’ अशी शपथच घ्यावी लागे. ती १८२७ पर्यंत चालू होती! इंग्लंडच्या उत्तरेला स्वतःचे टिकाऊ विद्यापीठ मिळाले ते १८३२ साली, डरॅमला. म्हणजे तोवर उत्तरेच्या मुलाला इंग्लंडमध्येच पदवी घ्यायची, तर दक्षिणेची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. १३४१ मध्ये स्थापन झालेल्या क्वीन्स कॉलेजात कंबरलंड आणि वेस्टमोरलंडच्या मुलांना अग्रक्रम ठेवला होता, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. परमुलखात आपली बोली कानावर पडेल असे एक घर.

जॉन आणि ॲलनला असे घर असल्याचे कथेत दिसत नाही. त्यांच्या कॉलेजचे धान्य ट्रम्पिंग्टनचा गिरणीवाला सिम्किन दळतो आणि पीठ चोरतो. हे दोघे लक्ष ठेवायला जातात. सिम्किन त्यांचा घोडा सोडून देतो, हे दलदलीतून घोड्यामागे धावत सुटतात आणि तेवढ्यात पीठ लंपास होते. रात्री आसरा मागितल्यावर सिम्किन टोमणा मारतो : माझे घर लहान, पण तुम्ही शिकलेले, युक्तिवाद करून वीस फुटांची जागा मैलभर रुंद करा की!

या दोघांच्या तोंडी चॉसरने उत्तरेची बोली घातली आहे. ‘होम’चे ‘हाम’, ‘बोन्स’चे ‘बान्स’. टोल्किन यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की हे वरवरचे चावटपण नव्हे. उच्चार, प्रत्यय, शब्दसंग्रह या सर्व अंगांनी चॉसरने ती बोली जाणकारीने उभी केली आहे. टोल्किन त्याआधी पाच वर्षे उत्तरेत, लीड्सला शिकवत होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

मला महत्त्वाची वाटते ती यातली उलटापालट. आपल्याला बोली म्हटली की नाटकातला गडी किंवा विनोदी हवालदार आठवतो. वऱ्हाडी मुलाच्या ‘काहून’वर पुण्याच्या वर्गात पिकलेला हशा मी ऐकला आहे. चॉसरकडे मात्र चोर आणि अशिक्षित असलेला गिरणीवाला लंडनच्या वाचकाच्या ओळखीच्या भाषेत बोलतो, आणि विद्यापीठात शिकणारे बोलीत. हसू कोणाचे यावे, हा प्रश्न वाचकाच्या अंगावरच येतो. शेवटी बाजी मारतात तेही विद्यार्थीच. मात्र ही बाजी सिम्किनच्या बायकोच्या आणि मुलीच्या देहावर खेळली जाते. ॲलन मुलीला ओरडायलाही अवधी देत नाही, बायकोला तर अंधारात फसवले जाते. जुने समीक्षक याला खट्याळ सूड म्हणून मोकळे होत. आज वर्गात ही कथा शिकवताना तसे म्हणवत नाही. अपमान सोसलेला परका माणूस आपोआप सज्जन ठरत नाही, एवढे चॉसरला नक्की ठाऊक असावे.

असो. त्या बोलीचे एक लक्षण सांगायचे राहिले. चॉसरच्या दक्षिणी इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाला ‘-एथ’ लागे : ‘गोएथ’. ‘-एस’ हा प्रत्यय उत्तरेचा, आणि म्हणून त्या काळच्या लंडनकराला हसू आणणारा. जॉन आणि ॲलन तो हटकून वापरतात. पुढच्या दोन-अडीच शतकांत हाच प्रत्यय लंडनमध्ये रुजला आणि प्रमाण झाला. आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या पेपरात ‘ही गो’ लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण कापला जातो, तो याच ‘एस’साठी.