लांब पास कोणाच्या नावावर?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक आणि पुढे धावत जाऊन त्याची फेक झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. नव्या क्वार्टरबॅकची पारख करताना त्याचा लांब पास आज आवर्जून तपासला जातो. मात्र १९०६पूर्वी चेंडू पुढे फेकण्यासच मनाई होती. धडका आणि रेटारेटी यांवर चालणाऱ्या त्या खेळात १९०५च्या हंगामात खेळाडूंचे बळी गेले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि पुढच्या वर्षी नियम सैल झाले. ही मोकळीकही हात आखडूनच दिलेली होती, कारण कोणाचाही स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला की ताबा प्रतिस्पर्ध्याकडे जाई, आणि १९१०पासून दोन वर्षे तर वीस यार्डांपलीकडे, म्हणजे सुमारे १८ मीटरांपलीकडे, पास टाकणेच नियमबाह्य होते.

ही मर्यादा उठल्यावर १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथे नोटर डेम विद्यापीठाच्या गस डोराइसने नूट रॉकनी आणि इतर सहकाऱ्यांकडे पास टाकत आर्मीचा, म्हणजे तेथील लष्करी अकादमीच्या संघाचा, ३५-१३ असा पराभव केला. या विजयामागे डोराइस आणि रॉकनी यांनी त्या उन्हाळ्यात ओहायोतील सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर एकत्र केलेला सराव होता, आणि लांब पास हे दोघांचे काम आहे हे त्यातून तेव्हाच उघड झाले होते. पुढे १९३४मध्ये चेंडूचा घेर कमी झाल्याने तो मुठीत नीट बसू लागला आणि फेकीचा पल्ला वाढला.

नोंदवहीने मात्र हे दोघांचे काम एकाच्याच नावावर लिहिले. १९७३मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने स्वीकारलेले पासकर्त्याचे गुणांकन पूर्ण झालेले पास, मिळालेले यार्ड, टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्याने मध्येच टिपलेले पास या चार प्रमाणांवर उभे आहे, आणि रिसीव्हरचा त्यात उल्लेखही नाही. रिसीव्हर वळणावर एक पाऊल रुंद गेला आणि चेंडू त्याच्या बोटांपुढे हातभर पडला, किंवा चेंडू थेट तळव्यांत येऊनही निसटला, तरी वहीत दोन्ही वेळा अपूर्ण पासच लिहिला जातो. उलट आखूड पडलेल्या चेंडूसाठी रिसीव्हरने वेग आवरून, मागे वळून, बचावपटूच्या डोक्यावरून झेल घेतला, तर ती चूक यश म्हणून नोंदली जाते. चित्रफितींचा बारकाईने अभ्यास करणारे सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक सिड गिलमन यांनी १९६०च्या दशकात क्वार्टरबॅकची मागे पडणारी पावले आणि रिसीव्हरची धाव एका तालात बांधली, इतकी की रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटे. अशा पासाची पारख नुसत्या आकड्यांवरून होणे शक्यच नव्हते. १९७८मध्ये पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देण्यास बंदी आली, तेव्हा त्याची धाव मोकळी झाली आणि या तालाचे मोल आणखी वाढले.

बफेलो बिल्सच्या जॉश ॲलनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१८मधील पहिल्या हंगामात त्याचे ५२.८ टक्के आणि दुसऱ्यात ५८.८ टक्के पास पूर्ण झाले, आणि बाहू बलदंड पण नेम कच्चा असे मत त्याच्याविषयी रूढ झाले. २०२०मध्ये वळणे काटेकोर घेणारा स्टेफन डिग्ज संघात आला, त्याने १२७ झेल व १,५३५ यार्डांसह लीगमध्ये अग्रस्थान मिळवले आणि ॲलनचे प्रमाण ६९.२ टक्क्यांवर गेले. या झेपेत ॲलनने स्वतःच्या फेकीवर घेतलेली मेहनतही होतीच, त्यामुळे सारे श्रेय डिग्जला देणे हा आधीच्याच चुकीचा उलटा अवतार ठरेल. परंतु पहिल्या दोन वर्षांच्या टक्केवारीवरून त्या तरुणाच्या नेमाविषयी काढलेला निष्कर्ष घाईचा होता, हे निःशंकपणे म्हणता येते.