घोड्याला न लागणारी तहान
तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा घोडेस्वारांचा जुना दंडक. १९५५ साली वेंडेल रॉबी व त्यांच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा ओलांडून सुमारे १०० मैलांची रपेट एका दिवसात पुरी केली आणि पुढे तिची वार्षिक स्पर्धा झाली. अशा रपेटींत एक विचित्र गोष्ट दिसे: घामाने निथळलेले, कित्येक लिटर पाणी गमावलेले घोडे भरल्या डोणीपाशीही तोंड फिरवीत.

कारण घामात होते. माणसाचा घाम रक्ताहून कमी खारट. तो वाहिला की रक्तातील क्षारांची संहती वाढते आणि मेंदूला तहानेची सूचना मिळते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना अधिक खारट. पाणी व मीठ जोडीने जातात, संहती फारशी वाढत नाही आणि मेंदू गाफील राहतो. निसर्गाने केलेली फसवणूकच म्हणायची! त्यात नुसते साधे पाणी पोटात गेले, की उरलेले क्षार विरळ होऊन तहान आणखी मंदावते.

मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घोड्यांना आधी ०.९ टक्के मिठाचे पाणी दिले, मग साधे. आरंभापासून साधेच पाणी मिळालेल्या घोड्यांपेक्षा ते एकूण अधिक पाणी प्याले. जुना दंडकही मागे पडला. दीर्घ रपेटीत तापलेल्या घोड्यालाही आता वाटेतल्या पाणवठ्यावर थांबवून पाणी पाजतात.