पावसाळ्यातली परसबाग: रत्नागिरीत कोंबड्या आणि भाजी एकत्र कशी सांभाळतात?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरामागच्या जागेत आठ-दहा गावठी कोंबड्या आणि चार वेल असणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा याच काळात होते. विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात जेमतेम जगणारी परसबाग आषाढात हिरवीगार होते, पण त्याच ओलीत कोंबड्यांची पिल्लं पटापट दगावतात. शिवाय मोकळी कोंबडी आणि नुकतं रुजलेलं रोप एका अंगणात नांदत नाहीत. काकडीचं आळं उकरायला कोंबडीला पाच मिनिटं पुरतात.

मांडव आणि गडगा

कोकणातल्या जुन्या घरांनी हे भांडण सोडवलं ते दोन साध्या गोष्टींनी. पहिली म्हणजे गडगा, अर्थात जांभ्या दगडांचा कोरडा रचलेला बांध, किंवा काट्याकुट्यांची वई. रोपं हातभर होईपर्यंत कोंबड्या या कुंपणाबाहेर. दुसरी गोष्ट मांडव. पडवळ, दोडका, कारलं, काकडी हे वेल बांबूच्या मांडवावर चढले, की फळं डोक्याच्या उंचीवर लोंबतात आणि खाली कोंबड्या मोकळ्या फिरू शकतात. मुसळधार पावसात जमिनीवर पसरलेला वेल कुजतो, फळाला माती लागते; मांडवावर वारा खेळतो. म्हणजे मांडव मुळात पावसासाठी असला, तरी कोंबड्यांची सोयही त्यात आपोआप होते.

मांडवाखाली फिरणारी कोंबडी एक मोठं काम करते. काकडी, दोडका, कारल्याचा पावसाळ्यातला मुख्य शत्रू म्हणजे फळमाशी. मादी कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, फळ वाकडं होऊन गळतं आणि अळ्या जमिनीत शिरून कोष करतात. माती उकरणाऱ्या कोंबड्या हे कोष आणि अळ्या वेचून खातात. मात्र तेवढ्यावर विसंबता येत नाही. किडकं फळ गोळा करून नष्ट करावंच लागतं आणि नर माश्यांसाठी सापळा टांगावा लागतो. सापळा घेताना गफलत होते ती गंधाच्या गोळीत: आंब्यावरच्या फळमाशीला मिथिल युजेनॉल चालतं, वेलभाज्यांवरच्या माशीला क्यू-ल्युअर लागतं. आंब्याच्या हंगामातला उरलेला सापळा काकडीवर टांगून उपयोग नसतो.

बियाण्यांत घरचं जपलेलं बी असतंच. शिवाय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने इथल्या हवामानासाठी वाण दिले आहेत: काकडीचा ‘शीतल’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’, कारल्याचा ‘कोकण तारा’, दोडक्याचा ‘कोकण हरिता’. मृगाच्या आसपास बी टोकायचं ते खड्ड्यात नव्हे, उंचवट्यावर. इथे पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा पाणी काढून देणं महत्त्वाचं असतं.

खुराडं कोरडं, तर कोंबडी जिवंत

कोंबडीला थोडा पाऊस झेपतो. ओलं खुराडं झेपत नाही. विष्ठा आणि ओल एकत्र आली की अमोनियाचा उग्र वास सुटतो, डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात. त्याहून वाईट म्हणजे रक्ती हगवण. या रोगाचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. उबदार ओलीत एक-दोन दिवसांत ते रोगकारक बनतात. आषाढातलं खुराडं ही त्यांच्यासाठी आदर्श जागा. त्यामुळे खुराडं जमिनीपासून दोन फूट तरी उंच, पावसाच्या झडीकडे पाठ असलेलं आणि पुढे आलेल्या छपराचं हवं. तळाशी भाताचं तूस पसरून ते रोज हलवणं आणि ढेप झालेला भाग काढून टाकणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

झडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट बंद पडते: धुळीची अंघोळ. कोंबड्या कोरड्या मातीत लोळून पिसांतल्या उवा झटकतात. बाहेर सगळा चिखल असला की हा उपाय जातो आणि उवा वाढतात. पडवीच्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात चुलीची चाळलेली, थंड राख आणि कोरडी माती ठेवली की काम भागतं. गॅस आल्यापासून घरात राखच उरली नाही, ही तक्रार इथे खरोखर ऐकू येते. राखेची उणीव बागेलाही जाणवते, कारण जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि राख ते आम्ल थोडं मारते.

खाण्याचा प्रश्न वेगळाच. रत्नागिरीत कोंबड्यांना प्रथिनं मिळतात ती बरीचशी मासळीच्या टाकाऊ भागातून. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे हा पुरवठा आटतो आणि आधी साठवलेली सुकट उपयोगी पडते. किडे, वाळवी, गांडुळं कोंबड्या स्वतः शोधतात. पण गांडुळांबरोबर काही जंतही पोटात जातात, म्हणून पावसाळ्यात जंतांचं औषध चुकवू नये. कण्या आणि मका ओलसर जागी ठेवला तर बुरशी धरतो. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं, तेव्हा वास मारणारं धान्य ‘कोंबड्यांना चालतं’ म्हणून टाकणं महागात पडतं. कवचासाठी तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून द्यावेत.

अंडी मात्र कमीच मिळतात. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. रत्नागिरीत सर्वांत मोठा दिवसही सुमारे सव्वातेरा तासांचा आणि तोही ढगांआड. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देऊन मध्येच खुडूक होते. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती जास्त अंडी देतात, पण बहुधा खुडूक बसत नाहीत, म्हणजे पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी पिल्लं निघतात. ती ऐन झडीत निघणार नाहीत असा हिशोब करणं शहाणपणाचं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला तीसहून अधिक अंश उष्णता लागते आणि भिजलेलं पिल्लू फार काळ तग धरत नाही.

मानमोडी

गावातल्या सगळ्या कोंबड्या आठवड्याभरात संपवणारा रोग म्हणजे मानमोडी, ज्याला पशुवैद्यक राणीखेत म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद कुमाऊँमधल्या राणीखेतला झाली, म्हणून हे नाव. त्याच डोंगरांतल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झालेली लस आजही वापरात आहे. रोगावर इलाज नाही, लस हाच मार्ग: पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचे थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात इंजेक्शन. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि पातळ केल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ते परवडत नाही. वाडीतल्या घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस ठरवणं हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे, आणि तो पाऊस लागण्यापूर्वी व्हायला हवा.

बर्ड फ्लूचा धोका त्यामानाने क्वचित, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत त्याचा विषाणू आढळला होता. परसात कावळे किंवा कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

विष्ठेचं खत

एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते, गावठी त्याहून कमी. या खतात नत्र भरपूर, म्हणूनच ताजं घातलं तर रोप करपतं. ते तूस आणि पाचोळ्यात मिसळून, छपराखाली दोन-तीन महिने कुजवावं लागतं. उघड्यावरच्या ढिगातलं नत्र पाऊस वाहून नेतो. तयार खतही एकदम न घालता दर पंधरा दिवसांनी मूठभर द्यावं, कारण इथल्या मातीत ते फार काळ टिकत नाही.

जूनमध्ये टोकलेल्या वेलांची काकडी, पडवळ, दोडका भाद्रपदात ऐन भरात असतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम पाळणाऱ्या घरांत परसातली हाताने लावलेली भाजीच शिजते. पुढे गौरीला जिथे तिखटाचा नैवेद्य असतो, तिथे पावसाळाभर जपलेला कोंबडाही कामी येतो. गणपती गेले की वेल पिवळे पडू लागतात, मांडव उतरवला जातो आणि कोंबड्यांना सगळी बाग मोकळी मिळते. त्यांनी आठ-पंधरा दिवस उकरलेल्या त्या जमिनीत मग माठ, मुळा आणि वालाचं बी पडतं.