पहिला पसंतीक्रम

२०१५ चा पावसाळा नुकताच लागला होता. धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत मी जोसाचा फॉर्म भरत बसलो होतो आणि मागे उभे राहून एक ओळखीचे काका सांगत होते, "व्हीएनआयटीचं कॉम्प्युटर वर टाकू नको. रँक तुझी काठावर आहे. पहिला पसंतीक्रम वाया जाईल बे!"

मी ऐकलं. जे नक्की लागेल ते वर टाकलं आणि तेच लागलं. शेवटच्या फेरीनंतर आकडे पाहिले तर कॉम्प्युटरची जागा माझ्या रँकपर्यंत येऊन पुढे गेली होती. घरापासून सायकलने दहा-पंधरा मिनिटांवरचं कॉलेज सोडून मी चार वर्षं दुसऱ्या शहरातल्या होस्टेलात काढली.

काकांवरचा राग बरीच वर्षं टिकला. मग नोकरीत एकदा कामं वाटून देणारा प्रोग्राम लिहायचा होता, तेव्हा वाचता वाचता मी अमेरिकेतल्या सोरोरिटींपाशी पोचलो. म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या निवासी संघटना. मुलांच्या त्या फ्रॅटर्निटी. एकोणिसाव्या शतकात चांगल्या मुली आधी पटकावण्याची त्यांच्यात अशी चढाओढ लागली की कॉलेजात पाऊल पडायच्या आत मुलीकडून शब्द घेतला जाई. या भरतीला आजही 'रश' म्हणतात. १९०२ मध्ये संघटना एकत्र आल्या, नियम केले, ते मोडलेही. शेवटी १९२८ मध्ये पद्धत ठरली: गाठीभेटी संपल्यावर मुलीने पसंतीक्रम लिहायचा, संघटनांनीही आपली यादी द्यायची आणि मधल्या माणसाने दोन्ही जुळवायच्या.

गंमत पुढे आहे. यादीतलं नाव जुळलं आणि मुलीने नाकारलं, तर तिला वर्षभर दुसरीकडे जाता येत नसे. म्हणून कित्येक मुली एकच नाव लिहीत. १९९१ मध्ये सुझन मोंगेल आणि अल्विन रॉथ यांनी खऱ्या याद्या तपासून दाखवलं की सगळ्यांनी मनातला पूर्ण क्रम लिहिला असता तर ही पद्धत अडकू शकली असती. ती चालत होती ती मुली हिशेब करून लिहीत होत्या म्हणून!

म्हणजे काकांसारखा विचार करणाऱ्यांवरच तो गाडा चालला होता. बॉस्टनच्या शाळाप्रवेशात तर २००५ पर्यंत पहिला पसंतीक्रम खरोखर वाया जायचा. पहिल्या पसंतीवाल्यांनीच जागा भरल्या की तुमची दुसरी पसंती आधीच संपलेली असे.

उत्तर १९६२ मध्येच छापून आलं होतं. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांचा छोटासा लेख. युक्ती अशी की कॉलेजने जागा लगेच पक्की करायचीच नाही, नुसती धरून ठेवायची. समजा मी आधी 'अ' कॉलेजात अर्ज केला आणि नकार मिळाला. मग मी 'ब'कडे गेलो. तिथे कमी रँकवाला आधीच बसला असेल, तरी त्याला उठवून मला घेतात आणि तो त्याच्या पुढच्या पसंतीकडे जातो. उशिरा आल्याची शिक्षा नाही, त्यामुळे 'अ' वर लिहिण्यात काहीच तोटा नाही. अमेरिकेतले डॉक्टर १९५२ पासून जवळजवळ अशाच रीतीने हॉस्पिटलांत वाटले जात होते, हे रॉथनी पुढे दाखवलं. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्लींना मिळालं. गेल २००८ मध्येच गेले होते.

आणि जोसा? आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश एकत्र झाले ते नेमके २०१५ मध्ये, याच युक्तीवर. काका जुन्या खेळाचे नियम सांगत होते आणि मी नव्या खेळात बसलो होतो. फॉर्मवर कुठेतरी लिहिलंही असेल, वाचतं कोण?

गेल्या वर्षी काकांच्या नातीने फॉर्म भरला. मी गोकुळपेठेत त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. काका मागे उभे होतेच. तिने सगळ्यात अवघड जागा पहिली टाकली. काका म्हणाले, "वाया जाईल." मी कागदावर 'अ' आणि 'ब' काढून अर्धा तास समजावलं. ते गप्प ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "मग तुझं तेव्हा..."

"चहा घेऊ का अजून?" मी विचारलं.